बाळाचे वय आणि वजन विचारल्याशिवाय बाटली देऊ नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणले, आणि बरीच मुले वाचली नाहीत. 'कोल्ड्रिफ' या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. त्या विषाचा जाब कारखान्याला आणि तपासणी यंत्रणेला विचारला गेला, तो विचारायलाच हवा होता. पण या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे लेबलवर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. त्या सिरपमध्ये हे दोन्ही घटक होते, आणि दगावलेली बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती. विष नसते तरीही त्यांतल्या अनेकांसाठी ती बाटली नव्हतीच.

आज संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी दहा मिनिटे उभे राहून पाहा. "लहान मुलाच्या खोकल्याचं औषध द्या" एवढ्या शब्दांवर बाटली हातात पडते. मूल आठ महिन्यांचे की आठ वर्षांचे, हे घेणारा सांगत नाही आणि देणारा विचारत नाही. कपाटाकडे वळण्याआधी दुकानदाराने तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे: वय किती, वजन किती, आणि सध्या दुसरे कुठले औषध चालू आहे का.

तापाच्या औषधाचेच पाहा. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत दिले तर लहान मुलांसाठी चांगले आणि सुरक्षित औषध आहे, म्हणूनच ते देताना कुणी फारसा विचार करत नाही. त्याची मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. नुसत्या वयावरून हा हिशेब जमत नाही, कारण दोन वर्षांचे एक मूल नऊ किलोचे असते आणि शेजारचे तेरा किलोचे.

आता दुकानातले कपाट. थेंबांच्या १५ मिलीच्या छोट्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. आणि खोक्यावर 'डीएस' (म्हणजे दुप्पट ताकदीचे) किंवा '२५०' लिहिलेल्या सिरपच्या पाच मिलीत २४० किंवा २५०. छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध, असे बहुतेक घरांत समजतात. प्रत्यक्षात सगळ्यांत तीव्र तीच असते. तान्ह्या बाळाला फार गिळवत नाही, म्हणून थोड्या मिलीत जास्त औषध बसवलेले असते.

आठ किलोचे बाळ धरू. त्याला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम लागते. थेंबांतून ते ०.८ ते १.२ मिली होते, १२० च्या सिरपमधून साधारण साडेतीन ते पाच मिली, आणि २५० च्या सिरपमधून १.६ ते २.४ मिली. घरात मात्र 'पाच मिली' हा एकच आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, कारण मोठ्या भावंडाला तेवढेच देत होते. थेंबांच्या बाटलीतून पाच मिली पाजले की ५०० मिलिग्रॅम पोटात गेले, म्हणजे किलोमागे ६२. दिवसभराची कमाल मर्यादा एका मात्रेत ओलांडली. ताप उतरला नाही म्हणून रात्री पुन्हा तेवढेच पाजले, तर यकृतावर संकट येते. या औषधाचा काही भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष मारतो. दोन-तीन दिवस नीट न जेवलेल्या, तापाने मलूल झालेल्या मुलाकडे ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. पहिल्या दिवशी फार तर उलट्या होतात. यकृताचे नुकसान दोन-तीन दिवसांनी उघड होते. जास्त मात्रा गेल्याचे लक्षात आले तर मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. औषधाची बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

उलटी थांबवण्याच्या डॉम्पेरिडोनमध्ये तर फरक दहापट आहे. त्याचे सस्पेन्शन (हलवून पाजायचे पातळ औषध) एका मिलीत १ मिलिग्रॅमचे असते आणि थेंब एका मिलीत १० मिलिग्रॅमचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दोन मिली' लिहिले ते सस्पेन्शन डोळ्यांसमोर ठेवून. दुकानात सस्पेन्शन संपले म्हणून "हेच आहे, फक्त ड्रॉप्समध्ये" असे म्हणत छोटी बाटली दिली, तर तेच दोन मिली म्हणजे दहापट औषध. अनुसूची 'एच'मधील, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या, औषधाऐवजी परस्पर दुसरे औषध, घटक तोच असला तरी, देऊ नये, असे औषध नियम १९४५ च्या नियम ६५ मध्ये स्पष्ट आहे. बदली ब्रँड देण्याची सवय मात्र सगळीकडे आहे, आणि बदली देताना नाव जुळते की नाही एवढेच पाहिले जाते. मिलिग्रॅम आणि मिली यांची जोडी जुळते का, हे पाहणे राहून जाते.

तिसरा प्रश्न, दुसरे काय चालू आहे, तो सर्दीच्या सिरपसाठी. लहान मुलांच्या सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असते. आई तापाचे औषध वेगळे देते, बाबा सर्दीचे वेगळे देतात, आणि मुलाला एकच औषध दोन बाटल्यांतून दुप्पट जाते. दोघांपैकी कुणाचीही चूक दिसत नाही, कारण दोघांनीही आपापल्या बाटलीवरची मात्रा बरोबरच दिलेली असते.

खोकल्याच्या औषधांबाबत वय विचारण्याला सर्वांत जास्त अर्थ आहे, कारण तिथे उत्तर बहुधा "हे देऊ नका" असेच असते. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलेली सूचना अशी: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे डॉक्टरांनी लिहून देऊ नयेत वा दुकानातूनही देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारे औषध चार वर्षांखाली नको, हे तर २०२१ मध्येच सांगितले गेले होते. त्या वर्षी दिल्लीत हे औषध दिलेल्या १६ मुलांना विषबाधा झाली होती आणि त्यांतली ३ दगावली होती. ही औषधे बाळाचा खोकला बरा करत नाहीत. क्लोरफेनिरामिनने बाळ गुंगते किंवा उलट किरकिर करत जागे राहते, फेनिलेफ्रिनने हृदयाचे ठोके वाढतात, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन जास्त झाले तर श्वास मंदावतो.

मग रात्री नऊ वाजता चोंदलेल्या नाकाचे बाळ कडेवर घेऊन आलेल्या आईला द्यायचे काय? साधे मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, ०.६५ टक्के सोडियम क्लोराइडचे. अंगावर पाजण्याआधी दहा मिनिटे प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब. तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नाक मोकळे झाले की दूधही नीट जाते आणि झोपही लागते. इथेही बाटली वाचून द्यावी. नाक मोकळे करणाऱ्या औषधी थेंबांत झायलोमेटाझोलिनचे प्रौढांचे ०.१ टक्का आणि मुलांचे ०.०५ टक्का असते, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि एकाच खणात ठेवलेल्या असतात. आणि आईला श्वास मोजायला सांगावे, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट: दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. असे असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर दुकानातून औषध नको, दवाखाना. तीन महिन्यांखालील बाळाला ताप असेल तरीही तेच.

आणखी दोन औषधांपुरते थोडक्यात. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या मोठ्यांच्या पट्टीतली अर्धी गोळी मोडून देणे आजही चालते, म्हणून गोळी विकतानाही "कुणासाठी?" हे विचारावे. आयब्युप्रोफेन हे तापाचे दुसरे औषध सहा महिन्यांखाली नको, आणि डेंगीची साथ असताना तापाच्या कुठल्याही मुलाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, कारण रक्तस्राव वाढू शकतो. पावसाळ्यात हे दुकानाच्या भिंतीवर लिहून लावले तरी चालेल.

विचारल्यावर लोक चिडतात, हे खरे आहे. "तुम्ही डॉक्टर आहात का?" हे वाक्य प्रत्येक काउंटरवर ऐकू येते. पण "वय काय?" असे तुटक विचारण्याऐवजी "यात दोन ताकदीचं औषध येतं, बाळाचं वजन सांगा म्हणजे बरोबर बाटली देतो" असे म्हटले की बहुतेक माणसे सांगतात. खरी अडचण वेगळीच असते: आलेल्याला वजन ठाऊकच नसते. बाबांना ऑफिसातून येताना फोन आलेला असतो, मोबाइलवर जुन्या रिकाम्या बाटलीचा अंधुक फोटो असतो, आणि ती बाटली मोठ्या मुलीची असते. कधी तर दहा-अकरा वर्षांच्या दादालाच पैसे देऊन पाठवलेले असते. शाळकरी मुलाच्या हाती लहान भावंडाचे औषध मुळीच देऊ नये; घरी फोन लावून मोठ्या माणसाशी बोलावे, नाहीतर मोठ्यांना यायला सांगावे.

वजन मिळवणे अवघड नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर अंगणवाडीत आणि लसीकरणाच्या वेळी केलेली नोंद असते. त्या पानाचा फोटो आई-बाबा दोघांच्या मोबाइलमध्ये असावा आणि दर लसीला बदलावा. दुकानात साधा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवावा. बाळाला घेऊन उभे राहायचे, मग बाळाला दुसऱ्याकडे देऊन एकट्याने उभे राहायचे, आणि वजाबाकी करायची. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने तापाच्या औषधाची मात्रा बिघडत नाही.

आता नियमांकडे. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असावी लागते. या यादीत वय नाही. वजनही नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये रुग्णाला समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे (फार्मासिस्टचे) काम म्हणून नोंदवलेले आहे, पण बिल फाडताना त्याचा पुरावा कुठेच राहत नाही. भारतात चिठ्ठीविना विकायच्या औषधांची वेगळी कायदेशीर यादी नाही, म्हणून पॅरासिटामॉलचे सिरप किराणा सामानासारखे हातोहात जाते.

अन्न व औषध प्रशासनाने आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी पुढील गोष्टी लगेच कराव्यात, त्यांसाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षांखालील रुग्णासाठी वय आणि वजन हे दोन रकाने भरल्याशिवाय बिल पुढे जाऊ नये. बिलावर ते छापले जावे. प्रत्येक बाटलीवर हाताने लिहायचे लेबल लावावे: मुलाचे नाव, वजन, एका वेळी किती मिली, किती तासांनी, आणि बाटली उघडल्याची तारीख. 'चमचा' हा शब्द त्या लेबलवर नसावा. स्वयंपाकघरातला चमचा कुणाचा तीन मिलीचा तर कुणाचा सातचा असतो. थेंबांच्या बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नये, आणि सिरपसोबत सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज द्यावी. तिची किंमत काही रुपये आहे. थेंब आणि सिरप वेगवेगळ्या खणांत ठेवावेत. नोंदणीकृत औषधनिर्माता जेवायला गेला असेल तर मुलांच्या औषधाचे गिऱ्हाईक त्याच्या येण्यापर्यंत थांबवावे, कामावरच्या पोराने ते परस्पर हाताळू नये.

बालरोगतज्ज्ञांना विनंती एवढीच की चिठ्ठीवर नुसते 'सिरप ५ मिली' न लिहिता वजन, मिलिग्रॅम आणि 'पाच मिलीत इतके' हे तिन्ही लिहावे. तेवढे असले की बदली ब्रँड देताना काउंटरवरचा माणूस हिशेब करू शकतो. नसेल तर त्याने दवाखान्यात फोन लावावा, आणि त्या फोनला उत्तर मिळावे.

आपले,
नागपुरातील काही नोंदणीकृत औषधनिर्माते