नौपाड्यातल्या बेकरीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

ब्रेडमध्ये नक्की काय आहे असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘हिरवा ठिपका आहे ना, मग झालं’ एवढ्यावर बोळवण होते. तुम्ही मात्र इम्प्रूव्हरचं (पाव चांगला व्हावा म्हणून मैद्यात घालायच्या मिश्रणाचं) पोतं आणि मार्जरिनचं खोकं बाहेर काढून लेबलांचे फोटो घेऊ दिलेत. ऐन पावाच्या घाईत, तेही! आम्हा आहारतज्ज्ञांकडून त्याबद्दल मनापासून आभार.

प्रश्न अल्फा-गॅल ॲलर्जीच्या पथ्याचा होता. अमेरिकेत लोन स्टार जातीची गोचीड चावल्यावर काहींना ही ॲलर्जी जडते. मग गाय, म्हैस, बकरा, मेंढी, डुक्कर यांच्या मांसातली आणि चरबीतली अल्फा-गॅल नावाची साखर शरीराला सोसत नाही. कोंबडी, अंडी, मासळी यांत ती नसते. त्रास बहुधा २ ते ६ तासांनी होतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाने मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या तरी दोष पित्ताला जातो. काहींचा श्वासही अडकतो, म्हणून ही चौकशी.

हिरव्या ठिपक्याचा उपयोग आहेच. प्राण्याची चरबी किंवा जिलेटिन असेल तर तो देता येत नाही. लेबलावर ४७१, ४७२ई, ४८१ अशा क्रमांकांनी लिहिलेली इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारी द्रव्यं) वनस्पतीपासूनही बनतात आणि चरबीपासूनही. हिरव्या ठिपक्याखाली ती वनस्पतीचीच हवीत. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखणारं. त्याचा इथे संबंध नाही. पण दूध, लोणी, तूप, व्हे पावडर हिरव्यातच मोडतात, आणि दूध या रुग्णांपैकी काहींना चालतं, काहींना नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. उलट अंडं घातलेला बन तपकिरी त्रिकोण लावून येतो, तरी तपकिरीचं कारण निव्वळ अंडं असेल तर तो पथ्यात बसतो. म्हणजे शाकाहारी घरातली पारख इथे अर्धीच कामाला येते.

खरी गोम इम्प्रूव्हरची. तो मैद्याच्या जेमतेम टक्काभर पडतो, आणि ५ टक्क्यांहून कमी असलेल्या मिश्र घटकाची पूर्ण फोड ब्रेडच्या पाकिटावर द्यावी लागत नाही. त्यातलं दूध ॲलर्जीच्या ओळीत यायलाच हवं, पण त्या सक्तीच्या यादीत मांस किंवा चरबी नाही. म्हणून पोत्यावरचं लेबल हवं होतं.

ट्रेला काय लावता, हे तर कुठल्याच पाकिटावर सापडलं नसतं. लादीच्या ट्रेला सोयाबीन तेल, चकाकीसाठी वरून दुधाचा हात, नानकटाईच्या ट्रेला तूप, आणि खिमा पॅटिसचे ट्रे दुपारनंतर, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. स्लायसरवर मिल्क ब्रेडचा चुरा राहतो हेही. दूध न लावलेली लादी पहाटेच्या पहिल्या घाण्यात, वेगळ्या ट्रेमध्ये काढून न कापता बांधून द्यायची कल्पना तुमचीच. आम्हाला ती सुचली नव्हती.

इम्प्रूव्हरचा पुरवठादार बदलला की पोत्याचा फोटो पाठवीन म्हणालात. तसाच मार्जरिनचाही पाठवा. खोक्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ आहे का तेवढं पाहायचंय, कारण नाव तेच ठेवून आतलं मिश्रण बदलतं. रुग्णांना आम्ही ब्रेड संपल्यावरही दोन दिवस पाकीट ठेवायला सांगितलंय, बॅच नंबरसकट. कुणी ते घेऊन काउंटरवर आलं, तर त्या दिवशी ट्रेला काय लावलं होतं तेवढं सांगा.

आपल्या,
आहारतज्ज्ञ मैत्रिणी, ठाणे