सिनियर सिस्टरशी माझं वाजलं त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर धड बोलताच आलं नाही, एकीकडून आई म्हणते जुळवून घे, दुसरीकडून बाबा म्हणतात सरळ इन्चार्जकडे लेखी कंप्लेंट दे, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं काय झालं ते.

पहिली गोष्ट, त्या सिस्टर वाईट नाहीत हो. कामाला वाघ आहेत. फक्त त्यांची पद्धत अशी की आधी सगळ्या पेशंटचे व्हायटल्स (ताप, नाडी, बीपी, श्वास), मग सगळ्यांची इंजेक्शनं, मग ड्रेसिंग, आणि लिहिणं ड्युटी संपता संपता एकदम, तोवर आकडे कुठेतरी ग्लोव्हच्या पाकिटावर नाहीतर तळहातावर. मी एकेक पेशंट पूर्ण करतो, तिथेच लिहितो, मग पुढच्या बेडला जातो. त्यांच्या मते मी रेंगाळतो, माझ्या मते त्या उरकतात. इथपर्यंत चालायचंच, दोन माणसं एकसारखी काम करत नाहीत.

वाजलं ते पॅरासिटामॉलवरून. मी ड्युटीवर आलो, एका आजोबांना ताप, चार्टवर एक ग्रॅमची गोळी 'लागेल तेव्हा' म्हणून लिहिलेली आणि दिल्याची नोंद नाही, म्हणजे कागदाप्रमाणे मी आता द्यायला हरकत नाही. आजोबा म्हणतात मघाशी एक पांढरी गोळी दिली बहुतेक. बहुतेक! दोन डोसमध्ये निदान चार तास जावे लागतात आणि मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर द्यायची नाही, नाहीतर लिव्हरवर येतं. सिस्टर लिफ्टपाशी पोचल्या होत्या, पळत जाऊन गाठलं तर म्हणाल्या हो दिली की तासाभरापूर्वी, लिहायची राहिली, आणि एका गोळीचा केवढा इश्यू करतोस. बाजूला नातेवाईक उभे होते म्हणून मी तिथे गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सांगणं, झाल्यावर ट्रीटमेंट रूममध्ये त्यांना म्हटलं सिस्टर, पाच मिनिटं द्या. 'तुम्ही नेहमी असंच करता' हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं, कारण तसं म्हटलं की समोरचा माणूस नेहमी कुठे, असं म्हणत मोकळा होतो. फक्त त्या गोळीचं बोललो, की आजोबांना आठवलं नसतं तर मी दुसरी दिली असती आणि माझी काही चूकही निघाली नसती. त्या जरा थांबल्या, मग त्यांचंही बाहेर आलं. म्हणाल्या तू एका बेडला चिकटलास की बाकीच्यांच्या बेल कोणी बघायच्या, मीच ना? आणि आई, खरं सांगू, हा मुद्दा बरोबर होता त्यांचा.

शिवाय एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखीच आहे. श्वास त्या पूर्ण मिनिटभर मोजतात, छातीकडे बघत, घड्याळ हातात धरून. आमच्या बॅचच्या कितीतरी जणांचे चार्ट एकदम टापटीप, पण सगळ्या पेशंटचे श्वास 20! पेशंट बिघडायला लागला की बरेचदा सगळ्यात आधी श्वासच वाढतो, म्हणजे तो आकडा अंदाजाने टाकला की सुंदर चार्टला काही अर्थ नाही.

हँडओव्हर मात्र डोक्याला ताप. 'पाच नंबरवर लक्ष ठेव.' का? 'बघ, कळेल तुला.' आता आम्ही एसबार वापरायचं ठरवलंय, म्हणजे आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं, या क्रमाने सांगायचं. बाबा, तुम्हाला मजा वाटेल, ही पद्धत मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची, हॉस्पिटलांनी नंतर उचलली. सिस्टर नाक मुरडतात, पण परवा पाच नंबरचं 'का' आपणहून सांगितलं.

तर ठरलं असं की लागेल तेव्हा द्यायची औषधं दिल्या दिल्या बेडपाशीच लिहायची, बाकी चार्टिंग त्यांनी हवं तेव्हा करावं, मी त्यात बोलणार नाही. आणि मी हँडओव्हरनंतर आधी सगळ्यांवर एक नजर टाकून येणार, मगच पहिल्या बेडचं काम हातात घेणार, बेलही वाटून घेतल्यात.

आई, एका बाबतीत मात्र जुळवून घेणार नाही. इन्सुलिन, हेपरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते), पोटॅशियमची ड्रिप, हे दोघांनी वेगवेगळं हिशोब करून तपासायचं असतं, पहिल्याचं उत्तर न बघता. पोटॅशियम तर चुकून पातळ न करता सरळ शिरेत सोडलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यावर 'मी बघितलंय रे, तू नुसती सही कर' हे मला चालत नाही, मी त्यांच्यासमोरच पुन्हा हिशोब करतो, मग त्या उसासा टाकोत नाहीतर घड्याळ बघोत. बाबा, इन्चार्जकडे मी अजून गेलेलो नाही, पण न तपासता सही केलेली पुन्हा दिसली तर जाणार आहे, आणि हे सिस्टरना तोंडावर सांगून ठेवलंय. 'जा की' म्हणाल्या. पण त्यानंतर कॅल्क्युलेटर त्याच मागतात.

पुढच्या आठवड्यात आमची नाईट एकत्र आहे. दिवसा झोपलेला असेन, फोन उचलला नाही तर घाबरू नका, उठल्यावर करतो.

तुमचा,
बाळ्या