मन नको, मांड्या घट्ट कर

प्रिय सिस्टर,

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय. नर्सिंगला प्रवेश घेऊन रक्त बघितलं की भोवळ येणारी मी एकटीच नाही, हे आता मला ठाऊक झालंय.

"मन घट्ट कर, होईल सवय," हे मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. घरी तर दुसऱ्या कोर्सच्या चौकश्या सुरू झाल्या होत्या. तुम्ही वॉर्डात माझे पाय उशीवर चढवलेत, दंडाला बीपीचा पट्टा बांधलात आणि डोळे उघडल्यावर आकडा मलाच वाचायला लावलात. "हा भित्रेपणा नाही, बीपी पडलंय. मन नको, मांड्या घट्ट कर," म्हणालात. मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत.

मग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून समजावलंत. साप दिसला की बीपी चढतं, म्हणून माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भीतीत ते आधी चढतं आणि मग एकदम कोसळतं: व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेमुळे, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साठतं आणि मेंदूला कमी पडतं. यावरचा उपाय लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९८७ साली मांडलेला. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद आवळायचं, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही. असं पाच वेळा. नाशिकला निमाणीहून सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याउभ्या मी हेच करायचे. शेजारचे काय समजत असतील देव जाणे.

आणि नवरात्रात? कालिकेच्या यात्रेच्या दिवसांत मी कडक उपास धरलेला. देवीला मध्ये न आणता तुम्ही इतकंच म्हणालात, "ड्युटीच्या दिवशी पोटात काहीतरी आणि दोन ग्लास पाणी. नाहीतर सुईला हात लावू देणार नाही."

निफाडकडचे ते बाबा आठवतात? कांद्याची पोती उचलून दंडावरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या, म्हणून रक्त काढायला तुम्ही मुद्दाम तेच बाबा माझ्याकडे दिलेत ना? दंडाला टूर्निकेटचा पट्टा आवळून बांधला, सुई गेली, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त यायला लागलं आणि माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. मी कमरेखालचं सगळं आवळलं, बोटं तेवढी सैल ठेवली. बाबाच मला म्हणाले, "पोरी, बसतीस का जरा?" तुम्ही मागे स्टूल सरकवून ठेवलेलं होतंच. ते लागलं नाही. ट्यूब हलकेच उलटसुलट करताना माझा चेहरा चांगलाच तापला होता, हे मात्र खरं.

आता मी रक्तपेढीत आहे. कॅम्पमध्ये रक्त द्यायला आलेला एखादा पोरगा गप्प झाला, जांभया द्यायला लागला, ओठ पांढरे पडले, की टेक्निशियनच्या आधी मी त्याच्याजवळ पोहोचते आणि मांड्या आवळायला सांगते. ती पोरंही हसतात.

तुमची नाइट संपली की कळवा. पिंपळगावची द्राक्षं घेऊन येते, नको म्हणू नका.

तुमची,
बीएस्सी नर्सिंगची ती पडणारी मुलगी