बिलावर नुसतं ‘प्रॉक्सी’ लिहू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आपल्याकडं दुकानात प्रॉक्सिमिटी सेन्सर (लोखंड जवळ आलं की न शिवता सिग्नल देणारा) मागितला की बिलावर ‘प्रॉक्सी एम१८’, म्हणजे १८ मिलीमीटर जाडीचा, एवढंच लिहून हातात देतात, आउटपुट कुठला ते कोण विचारत नाही नि सांगतही नाही, आणि मग रात्री दोनला मशीन अडकलं की शिव्या आम्हाला.

परवाचंच बघा. फोल्डिंगला आमच्याकडं फिरतं टेबल आहे, त्याच्यावरच्या सेन्सरचा सिग्नल आधी स्लिप रिंगमधनं, म्हणजे फिरत्या रिंगवर घासणाऱ्या कार्बन ब्रशमधनं यायचा, पण टॉवेलचा कारखाना म्हटल्यावर हवेतच सूत उडतंय, ते कार्बन ब्रशखाली जाऊन बसायचं नि सिग्नल तुटायचा. म्हणून मालकांनी वायरलेस कपलर घेतला. मधोमध समोरासमोर दोन तुकडे, एक टेबलाबरोबर फिरतो, दुसरा जागेवर, मध्ये काही मिलीमीटर गॅप, तेवढ्यातनं पॉवर पलीकडं जाते नि सिग्नल अलीकडं येतो. घासायला काही नाहीच.

मग एक सेन्सर उडाला. दुकानातनं दुसरा आणला, दिसायला डिट्टो तोच. लोखंड समोर धरलं की लाइट लागते पण पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) इनपुट काही येईना. केबल बदलली, गॅप कमी केला, शेवटी कपलरच गेला म्हणून नवीन मागवायला निघालो (किंमत ऐकून मालक खालीच बसले). तेव्हा कुठं मीटर लावायचं सुचलं. लोखंड समोर धरल्यावर ब्राऊन (प्लस) आणि ब्लॅक (सिग्नलची) वायरमध्ये २४ व्होल्ट! म्हणजे एनपीएन, काळी वायर मायनसला ओढणारा, आणि आमच्या कपलरला काळ्या वायरवर प्लस पाहिजे, म्हणजे पीएनपी. तोच २४ ब्लू (मायनस) आणि ब्लॅकमध्ये दिसला असता तर काम झालं असतं. मध्ये रिले (कॉइलवर चालणारा स्विच) टाकू म्हणाला एकजण, पण कॉइल करंट खाते नि कपलर फिरत्या बाजूला करंट मोजूनमापूनच देतो.

दोन वायरच्या सेन्सरची तर वेगळीच कटकट, तो बंद असतानाही थोडा करंट सोडतो, इनपुट कधीकधी चालूच राहतं. आणि ४ ते २० मिलिअँपवाला सेन्सर (मापाप्रमाणे करंट कमीजास्त करणारा) याच कपलरला जोडायला निघालेलेही बघितलेत मी. अहो हा फक्त चालू-बंद समजतो, त्याला अॅनालॉगचा कपलर लागतो. ४ ते २० मध्ये शून्यालाही ४ वाहतात, म्हणून तर वायर तुटली की कळतं.

तर दुकानदारांनी बिलावर पीएनपी की एनपीएन, एनओ की एनसी (समोर लोखंड नसताना आउटपुट बंद की चालू) तेवढं लिहावं. आणि आयटीआयच्या सरांनी पोरांकडनं स्टार-डेल्टा (मोटरचं कनेक्शन) घोटून घेता तशी एक दुपार या तीन वायरी मीटरनं मोजून घ्याव्यात.

तो एनपीएन माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय, वर टेप लावून ‘एनपीएन’ लिहिलंय. कुणाला लागत असेल तर घेऊन जा, फुकट.

– एक मेंटेनन्सवाला, सोलापूर