एक फोन, चार कान आणि खोक्यावर न छापलेली ओळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बसमध्ये आणि रेल्वेत मोबाइल मोठ्या आवाजात लावणाऱ्या सहप्रवाशांविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांतून जी नाराजी व्यक्त होत आहे, ती रास्तच आहे. कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळाने उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये बसमध्ये स्पीकरवर गाणी आणि व्हिडिओ लावण्यास मनाई केली. रेल्वेनेही जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतरच्या गोंगाटाबाबत सूचना काढल्या. तरीही बेळगाव–खानापूर बसमध्ये किंवा मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत एकाच वेळी तीन-चार फोन बोलत असतात. पत्रलेखकांनी याचे कारण केवळ बेशिस्तीत शोधले आहे. मला वाटते, त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते दंडाने दूर होणारे नाही.

स्पीकर लावणाऱ्यांपैकी काही जणांना साऱ्या बसला काही ऐकवायचे नसते. त्यांना शेजारी बसलेल्या आपल्या एकाच माणसाबरोबर ऐकायचे असते. खानापूरहून पुण्याला मुलाकडे निघालेल्या पती-पत्नींना कीर्तन ऐकायचे असते, येळ्ळूरहून शहरात शिकायला येणाऱ्या दोघी बहिणींना एकाच धड्याचा व्हिडिओ पाहायचा असतो, निपाणीला रात्रीच्या गाडीत बसलेल्या दोघा मित्रांना क्रिकेटचे समालोचन हवे असते. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे तर दुसऱ्याने मान डोलावल्याशिवाय पुरते ऐकल्यासारखेच वाटत नाही. अशा दोघांपैकी प्रत्येकाजवळ पुष्कळदा स्वतःचे वायरलेस इअरबड्स असतात आणि तरीही फोनचा आवाज उघड्यावर येतो. कारण एका फोनचा आवाज दोन जोड्यांत एकाच वेळी नेता येतो, हे फोन विकणाऱ्याने किंवा इअरबड्स विकणाऱ्याने त्यांना कधी सांगितलेले नसते.

वायरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये दोन तोंडांची पिन, म्हणजेच स्प्लिटर, घातली की तोच विद्युत संकेत दोन्ही हेडफोनांत जात असे. आवाज किंचित उतरे, पण कंपनी किंवा मॉडेल आड येत नसे. २०१६ च्या आयफोन ७ मधून हा जॅक गेला आणि पुढे इतर कंपन्यांच्या बऱ्याच महागड्या फोनांतूनही तो नाहीसा झाला. (जॅक काढल्याबद्दल जाहिरातींतून थट्टा करणाऱ्यांनीही काही वर्षांतच आपल्या फोनांतून तो काढला, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.) शे-दीडशे रुपयांत मिळणारी एक सोय त्याबरोबर गेली आणि तिची जागा काय घेणार, याचा खुलासा ग्राहकाला कोणी केला नाही.

ब्लूटूथमध्ये ही गोष्ट तितकी सरळ का नाही, हे थोडे तपशिलात सांगणे आवश्यक आहे. एक फोन मनगटावरचे घड्याळ, गाडीतील म्युझिक सिस्टिम आणि इअरबड्स अशा अनेक साधनांशी एकाच वेळी जोडलेला राहू शकतो. ब्लूटूथच्या मूळ रचनेत एका मुख्य साधनाला सात सक्रिय साधने जोडता येतात. त्यामुळे दुसरी जोडी ‘कनेक्टेड’ दिसली की दोघांनाही ऐकू येईल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु संगीत पाठवण्यासाठी ए-टू-डी-पी नावाची जी पद्धत दीर्घकाळ वापरात आहे, ती एक पाठवणारा आणि एक ऐकणारा असे गृहीत धरून आखलेली आहे. फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते आकसून त्या एका जोडीकडे पाठवतो आणि एखादा तुकडा पोहोचला नाही तर पुन्हा पाठवतो. दुसऱ्या जोडीसाठी हाच सारा खटाटोप त्याला समांतर करावा लागतो, तोही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जेथे वाय-फायचीही वर्दळ असते. दोन्ही जोड्यांना आवाज एकाच क्षणी मिळावा, अशी व्यवस्था त्या पद्धतीत नाही. म्हणून फोनच्या कंपनीने वेगळी सोय केलेली नसेल, तर एका जोडीतच आवाज येतो आणि दुसरी मुकी राहते. इअरबड्स मात्र त्यात निर्दोष असतात.

या अडचणीवर कंपन्यांनी आपापले मार्ग काढले. सॅमसंगने २०१७ च्या गॅलॅक्सी एस ८ मध्ये ‘ड्युअल ऑडिओ’ आणले आणि पुढे गॅलॅक्सीच्या इतर अनेक फोनांत ते आले. त्याचा मोठा गुण असा की इअरबड्स कोणत्याही कंपनीचे चालतात. दोन्ही जोड्या फोनला जोडायच्या, वरून ओढल्यावर दिसणाऱ्या पडद्यातील मीडिया आउटपुटमध्ये जायचे आणि दोन्ही नावांवर खूण करायची. प्रत्येक जोडीचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो, ही वडीलधाऱ्यांबरोबर ऐकताना फार उपयोगाची गोष्ट आहे. फोन आल्यास बोलणे मात्र एकाच जोडीत ऐकू येते. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोड्यांत आवाज पोहोचण्यास लागणारा वेळ थोडा वेगळा असल्याने व्हिडिओ पाहताना एखाद्याला ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटल्यासारखा वाटू शकतो. ॲपलने २०१९ मध्ये आयफोनच्या आयओएस १३ या प्रणालीच्या मालिकेत ‘ऑडिओ शेअरिंग’ दिले. ते आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनांवर उत्तम चालते, पण दोन्ही जोड्या ॲपलच्याच एअरपॉड्सच्या किंवा बीट्सच्या काही ठरावीक मॉडेलांच्या असाव्या लागतात. म्हणजे नवऱ्याकडे एअरपॉड्स आणि बायकोकडे गणपत गल्लीत घेतलेले साधे बड्स असतील, तर आयफोन त्या दोघांना एकत्र ऐकवणार नाही.

खरा मार्ग यापुढचा आहे. जानेवारी २०२० मध्ये ब्लूटूथच्या मानक संस्थेने एलई ऑडिओ ही नवी पद्धत जाहीर केली आणि २०२२ मध्ये तिच्यातील प्रक्षेपणाच्या भागाला ‘ऑराकास्ट’ हे नाव दिले. यात फोन आकाशवाणी केंद्राप्रमाणे एकदाच आवाज सोडतो आणि आवाक्यातील कितीही इअरबड्स तो पकडू शकतात. परक्याने ऐकू नये म्हणून सांकेतिक शब्दाचे कुलूपही घालता येते. एलसी ३ या नव्या आकसण्याच्या रीतीमुळे कमी माहितीत चांगला आवाज मिळतो. श्रवणयंत्रांचा विचारही या पद्धतीत मुळापासून केलेला आहे, त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना आपल्या यंत्रातून आणि नातवाला आपल्या बड्समधून एकच कार्यक्रम ऐकता येणे शक्य झाले आहे. अट एकच, पण महत्त्वाची: फोन आणि ऐकण्याचे साधन या दोहोंनीही ही पद्धत स्वीकारलेली असली पाहिजे.

अडचण सुरू होते ती दुकानाच्या काउंटरवर. इअरबड्सच्या खोक्यावर ‘ड्युअल कनेक्शन’ किंवा ‘मल्टिपॉइंट’ असे ठळक छापलेले असते आणि विक्रेता निःशंकपणे सांगतो की यात दोन जोडता येतात. ते खरे असते, पण उलट्या दिशेने. मल्टिपॉइंट म्हणजे एक जोडी दोन फोनांना किंवा एका फोनला आणि एका लॅपटॉपला जोडण्याची सोय. एका फोनचा आवाज दोन जोड्यांत नेण्याशी तिचा काहीएक संबंध नाही. ती सोय जुन्या पद्धतीत इअरबड्समध्ये नसून फोनमध्ये असते. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी अशाच आश्वासनावर दोन जोड्या एकदम घेतल्या आणि घरी आल्यावर एकातच आवाज येतो असे पाहून त्या परत करायला गेले, तेव्हा ‘माल तर चांगला आहे’ या एका वाक्यावर त्यांची बोळवण झाली. माल चांगलाच होता. त्यांना सांगितलेली माहिती चुकीची होती. हाच प्रकार ब्लूटूथच्या क्रमांकाबाबत होतो. खोक्यावर ५.३ लिहिलेले आहे म्हणून त्यात एलई ऑडिओ किंवा ऑराकास्ट असेलच असे मुळीच नाही, कारण क्रमांकाबरोबर ती सोय देणे कंपनीवर बंधनकारक नाही. आकडा मोठा म्हणून सोयी जास्त, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

माझी मागणी म्हणून साधी आहे. फोनच्या खोक्यावर ‘या फोनचा आवाज एकाच वेळी दोन वायरलेस जोड्यांत ऐकता येतो’ किंवा ‘येत नाही’ अशी एक ओळ असावी, आणि इअरबड्सच्या खोक्यावर ऑराकास्ट आहे की नाही हे स्पष्ट शब्दांत असावे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क अशी माहिती हिंदी किंवा इंग्रजीत छापावीच लागते. त्याखेरीज अन्य भाषेत छापण्यास हे नियम आडकाठी करीत नाहीत. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की चर्चा कोठून कोठे जाते हे आपण सारे जाणतो, म्हणून मी एवढेच म्हणेन की ही एक ओळ कन्नड आणि मराठी दोन्हींत आली, तर चिक्कोडीपासून खानापूरपर्यंतच्या ग्राहकाला ती वाचण्यासाठी विक्रेत्यावर विसंबावे लागणार नाही. वस्तूविषयी योग्य माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेला हक्क आहे, आणि चुकीच्या आश्वासनाबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी विक्रेत्याने सांगितलेली सोय बिलावर लिहून घेण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागेल.

कंपन्या असे छापेपर्यंत ज्यांच्या फोनात ही सोय नाही, त्यांनी नवा फोन घेण्याची घाई करू नये. जॅक शाबूत असेल तर स्प्लिटर आणि वायरचे दोन हेडफोन हा उपाय आजही बिनतोड आहे. वायर नकोच असेल तर जॅकमध्ये किंवा चार्जिंगच्या तोंडात बसणारे, दोन जोड्यांना एकदम आवाज पाठवू शकणारे छोटे ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतात. ते घेताना दोन जोड्या एकाच वेळी चालतात ना, हे दुकानातच वाजवून पाहावे. एका जोडीतील एकेक बड दोघांनी वाटून घेण्याची रीत सर्वत्र दिसते. तीत उजव्या आणि डाव्या कानाचा आवाज वेगळा असल्याने एखाद्याला अर्धेच वाद्य ऐकू येते. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधील ‘मोनो ऑडिओ’ सुरू केले की दोघांनाही पूर्ण आवाज मिळतो. बड्स पुसून देणे-घेणे हे वेगळे सांगायला नको. ‘कोणत्याही फोनवर दोन इअरबड्स’ अशी ग्वाही देणाऱ्या ॲप्सपासून मात्र जपून राहावे. जी सोय फोनच्या मूळ प्रणालीत नाही, ती असे ॲप सहसा देऊ शकत नाही आणि जाहिराती तेवढ्या भरपूर दाखवते.

बसच्या आवाजावर मात करण्यासाठी बड्सचा आवाज चढवत नेण्याचा धोकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतची मर्यादा सांगितली आहे, आणि मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. एक कान मोकळा ठेवल्यास कंडक्टरने पुकारलेला थांबाही चुकत नाही.

आपल्या दैनिकास एक विनंती आहे. आपल्या वितरणाच्या भागात प्रामुख्याने विकल्या जाणाऱ्या फोनांपैकी कोणत्या मॉडेलांत दोन जोड्यांची सोय आहे आणि ती कोणत्या सेटिंगमध्ये सापडते, याची यादी आपल्या प्रतिनिधींनी शहरातील विक्रेत्यांकडे प्रत्यक्ष दोन जोड्या जोडून, वाजवून पाहून तयार करावी आणि प्रसिद्ध करावी. कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून केलेली यादी नको. दसरा-दिवाळीच्या खरेदीपूर्वी ती आली, तर दुकानात जाताना कात्रण सोबत नेता येईल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव