सई येण्याआधी

सॉल्ट लेक सिटी, युटा
२ जून

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीला, सईला, इथे ॲडमिशन मिळाली, फार बरं वाटलं. पेढे तुझ्याकडे बाकी राहिले, ते मी विसरणारा नाही. युनिव्हर्सिटीजवळ बेसमेंटमधली खोली बघितली आहे हेही कळलं. गंमत म्हणजे फोनवर वहिनींनी ना भाड्याचं विचारलं ना थंडीचं. विचारलं ते एवढंच, "भावोजी, तिकडे झुरळं आहेत का हो? ही किंचाळून घर डोक्यावर घेते." तेव्हा ‘फारशी नाहीत’ म्हणून वेळ मारून नेली. पण बेसमेंट म्हटल्यावर गोष्ट वेगळी, म्हणून नीट लिहितोय. वहिनींना वाचून दाखव. कोळ्याचं लिहिलंय ते मात्र सईला स्वतःला वाचू दे.

हा मुलूख आपल्या चिपळूणच्या अगदी उलटा. पूर्वेला वासॅचचे डोंगर, पश्चिमेला ओकरचे, आणि मधल्या खोऱ्यात सुमारे ४,२०० फुटांवर हे शहर. पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाणी पडतं. आपल्याकडे एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतं. उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी कोरडी, की दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडक होतो. त्यामुळे ओलीवर पोसणारी आपली मंडळी इथे भेटत नाहीत. पावसाळ्यात भिंतीवर चढणारे वाणी नाहीत, वाळवीचा उच्छाद नाही, घरात पालीसुद्धा नाहीत. ट्यूबलाइटजवळ पाल नाही याची मला अजून सवय व्हायची आहे.

म्हणून कोणी म्हणेल, मग काय, मजाच आहे. तसं नाही. बाहेर जूनपासून सगळं वाळून जातं आणि माणसं घराभोवती स्प्रिंकलर लावून हिरवळ राखतात. भिंतीला लागून ओली माती, तळघरात गारवा, नळाखाली थेंब. किड्यांनी घरात येऊ नये तर जावं कुठे? इथल्या कीटकांच्या भानगडी बहुतेक पाण्यापाशी येऊन थांबतात. औषध फवारण्याआधी पाणी कुठे मुरतंय आणि फट कुठे आहे ते बघायचं, हे माझं इथलं सगळं ज्ञान. बाकीचा तपशील.

या गावाला किड्यांचं वावडं नाही, उलट किड्यांचा इतिहास आहे. १८४७ च्या जुलैत मॉर्मन पंथाचे लोक इथे आले, ओढ्यांचं पाणी वळवून शेती केली, आणि पुढच्याच वर्षी नाकतोड्यांच्या जातीचे, उडता न येणारे जाडजूड किडे डोंगरउतारावरून उभ्या पिकात उतरले. मग खाऱ्या सरोवरावरचे सीगल थव्यांनी आले आणि किडे खाऊ लागले, अशी कथा आहे. त्या पाखरांचं स्मारक १९१३ साली टेंपल स्क्वेअरमध्ये उभारलं, आणि युटाचा राज्यपक्षीही सीगलच, तोही समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत! पीक खरंच पाखरांनीच वाचवलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण किडे खाणाऱ्याचा पुतळा उभारणारं गाव मला तरी आवडतं.

आता कोळी. बेसमेंटच्या खिडक्या जमिनीच्या पातळीखाली असतात आणि त्यांच्या बाहेर अर्धगोल पत्रा लावलेला खड्डा असतो, त्याला विंडो वेल म्हणतात. तिथे पालापाचोळा साठतो, सावली असते, रात्री उजेडाला किडे येतात. ब्लॅक विडो नावाच्या विषारी कोळिणीला याहून चांगली जागा मिळणार नाही. दिवसा ती फटीत लपते. रात्री टॉर्च मारलास तर जाळ्यात उलटी लटकलेली दिसेल: काळी कुळकुळीत, चकचकीत, वाटाण्याएवढं पोट, आणि पोटाच्या खालच्या बाजूला डमरूच्या आकाराचा लाल ठिपका. जाळं बागेतल्या कोळ्याचं असतं तसं गोल, नक्षीदार नाही. कसंही आडवंतिडवं विणलेलं, पण धागा भलताच चिवट. काडीने ओढला तर तटतट तुटल्याचा आवाज येतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की अंधारातही कळतं, इथे कोण राहतं ते.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ती अंगावर धावून येत नाही. जाळं सोडून फार लांब जातही नाही. तिच्यावर हात दाबला गेला किंवा बुटात पाय घातला तरच चावते. चावली तर पोटात आणि पाठीत जबरदस्त गोळे येतात, माणूस हैराण होतो, पण मृत्यू अगदीच विरळा. जागा साबणाने धुवायची, बर्फ लावायचा आणि डॉक्टर गाठायचा. विषबाधेवर सल्ला देणाऱ्या पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर देशभर एकच आहे, फुकट आहे, तो तिच्या फोनमध्ये आजच घालून ठेव. बाकी बंदोबस्त साधा: विंडो वेलमधला पाला काढायचा, त्यावर झाकण मिळतं ते मालकाकडून बसवून घ्यायचं, गॅरेजमधल्या वस्तूंना हातमोजे घालूनच हात लावायचा, बूट झटकून घालायचे. विंचवाच्या भीतीने आपण लहानपणी चपला झटकायचो, तेच. उगाच दिसेल तो कोळी मात्र मारायचा नाही. बेसमेंटमधले बाकीचे बहुतेक निरुपद्रवी असतात आणि आपलंच काम करत असतात.

ऑक्टोबरात सईचा फोन येईल, "काका, घरावर हजारो किडे बसलेत!" हे मी आत्ताच सांगून ठेवतो. बॉक्सएल्डर नावाचं झाड इथे जागोजागी आहे, त्याच्या बिया खाऊन वाढणारे हे किडे. अर्धा इंच लांब, काळे, पाठीवर लाल रेघा. थंडीची चाहूल लागली की दुपारच्या उन्हात तापलेल्या दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर जमतात, अक्षरशः भिंत हलतेय असं वाटतं. चावत नाहीत, अन्नाला तोंड लावत नाहीत, घरात पिल्लंही घालत नाहीत. फक्त हिवाळ्यापुरता आसरा हवा असतो. फटींतून आत शिरतात आणि फेब्रुवारीत एखादा उबदार दिवस उजाडला की वसंत आला असं समजून खिडकीच्या काचेवर चालू लागतात. चिरडायचे मात्र नाहीत, पडद्यावर पिवळट-लाल डाग पडतो तो जाता जात नाही. व्हॅक्यूम करायचे. बाहेर भिंतीवर असतील तर भांड्यांचा साबण पाण्यात घालून स्प्रे मारायचा, त्यावर आणखी कशाची गरज नाही. खिडकीची जाळी फाटलेली असेल तर सप्टेंबरच्या आत मालकाच्या मागे लागायचं.

मुंग्या वसंतात येतात, फुटपाथच्या भेगांतून. साखरेच्या पाण्यात थोडा बोरॅक्स घालून ठेवायचा. बोरॅक्स जास्त झाला तर मुंगी वाटेतच मरते, ते पाणी वारुळापर्यंत नेत नाही आणि मग सगळं फुकट. जुलैत शेपटीला चिमटा असलेले तपकिरी किडे नळाच्या आसपास दिसतील. रात्री वर्तमानपत्राची ओली गुंडाळी ठेवायची, ते तिच्यात शिरतात, सकाळी ती साबणाच्या पाण्यात झटकायची. डासांचा बंदोबस्त शहराचं स्वतंत्र खातं करतं, कारण सरोवराकाठी दलदल आहे.

उंदरांबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेवायला सांग. शहरातल्या घरात येतो तो नेहमीचाच उंदीर. डोंगराकडच्या शेडमध्ये किंवा केबिनमध्ये मात्र पांढऱ्या पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा डिअर माऊस असतो आणि त्याच्यापासून हंताव्हायरसचा, फुप्फुसांचा जीवघेणा आजार होऊ शकतो. १९९३ मध्ये इथून दक्षिणेला, चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. लेंड्या दिसल्या तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम चालवायचा नाही, धूळ उडते आणि ती नाकात जाते. आधी ब्लीच घातलेलं पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग हातमोजे घालून पुसून घ्यायचं. मैत्रिणी मिळून कुठे केबिन भाड्याने घेतील तेव्हा हे उपयोगी पडेल.

आता वहिनींच्या झुरळांकडे येतो. बाहेरून उडत येणारी मोठी झुरळं इथे क्वचितच दिसतात. बारीक तपकिरी जर्मन झुरळं येतात ती खोक्यांतून, जुन्या मायक्रोवेव्हमधून, शेजारच्या अपार्टमेंटमधून. ढेकणांचंही तेच. सेमिस्टर संपलं की मुलं गाद्या आणि सोफे रस्त्याकडेला ठेवून जातात, फुकट म्हणून पोरं उचलून आणतात आणि सोबत ढेकूण आणतात. सईला शपथ घाल: गादी नवीनच घ्यायची. जुने कपडे घेतले तर आधी ड्रायरमध्ये कडक गरम हवेवर अर्धा तास फिरवायचे.

तांदळाची मोठी पिशवी आणली तर डब्यात ओतण्याआधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची, पोरकिड्यांची अंडीसुद्धा मरतात. बिब्बे नको, ते कस्टमवाल्याला समजावत बसावं लागेल. या कोरड्या हवेत पोरकिडे तसे कमीच. रवा, बेसन, सुकामेवा यांत जाळी करणारा पतंग मात्र सुखाने नांदतो. काचेची घट्ट झाकणाची बरणी हाच त्याला उपाय. आणि हो, आपला तो झुरळांचा खडू बॅगेत टाकू नका. असा विषारी खडू विकायला इथे बंदी आहे, कारण तो लहान मुलं लिहायचा खडू समजतात. डांबराच्या गोळ्याही आपण मोरीत, कपाटात कुठेही टाकतो तशा टाकायच्या नाहीत. हवाबंद डब्यात वापरायच्या असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि त्या लिहिण्याला इथे कायद्याचा आधार आहे.

शेवटचा उपद्रव दोन पायांचा. उन्हाळ्यात दारोदार फवारणीचा करार विकणारी तरुण पोरं फिरतात. फार गोड बोलतात, टॅबलेटवर शेजाऱ्यांची नावं दाखवतात, कोळ्यांचे फोटो दाखवतात. वर्षभराच्या सहीवर त्यांचं कमिशन असतं. माझ्या शेजारच्या आजींनी अशी सही केली. दारावर केलेला असा करार सहसा तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही पत्र लिहून तो रद्द करवला. सई भाडेकरू आहे. तिने फक्त म्हणायचं, मालकाशी बोला. कीड झाली तर खर्च कुणाचा, हे मात्र सही करण्याआधी भाडेकरारात वाचून घे म्हणावं. नसेल तर लिहून मागावं.

खोलीचे फोटो मला पाठव. खिडकीबाहेरचा खड्डा, सिंकखालचं कपाट आणि दाराची खालची फट हे तिन्ही त्यात दिसले पाहिजेत. मालकाला सांग, पलंग जरा हलवून फोटो काढा. तारीख ठरली की कळव, विमानतळावर मी जाईन आणि पहिले चार दिवस ती आमच्याकडेच राहील.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
विलास