ऑटोफॅजीच्या नावाखाली कर्करुग्णांना उपाशी ठेवू नका

मा. संपादक,

श्रावणाच्या तोंडावर आपल्या आरोग्य पुरवणीत उपवासाचे फायदे सांगणारा लेख प्रसिद्ध झाला आहे. पचनसंस्थेला विश्रांती मिळते वगैरे भागाबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु उपवासामुळे ऑटोफॅजी (पेशीने आपल्याच आतील घटकांचे विघटन करणे) सुरू होऊन शरीर कर्कपेशींना खाऊन टाकते आणि याच शोधाला नोबेल मिळाले, हे त्यातील विधान चुकीचे आहे. नाशिकमध्ये आसपासच्या तालुक्यांतूनही कर्करुग्ण उपचारांसाठी येतात, त्यामुळे ते धोक्याचेही आहे.

जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मुख्यतः यीस्टवरील संशोधनासाठी. पोषण तोडल्यावर यीस्टची पेशी आपल्याच आतील घटकांचे विघटन करते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यासाठी लागणारी जनुके शोधून काढली. या प्रक्रियेत पेशी आपली निकामी प्रथिने व जीर्ण मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) पिशवीसारख्या आवरणात गुंडाळते, त्यांचे विघटन करते आणि हाती आलेला कच्चा माल पुन्हा वापरते. म्हणजे ही मुळात उपासमारीत तग धरण्याची सोय आहे. शरीराने वाईट पेशी वेचून खाव्यात, अशी काही व्यवस्था त्यात नाही. (साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपवासात ती कितपत चालू होत असेल, हा प्रश्न वेगळाच.)

लेखात बहुधा ऑटोफॅजीची गल्लत ॲपॉप्टोसिसशी, म्हणजे नियोजित पेशीमृत्यूशी झाली आहे. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात पेशी आक्रसते, तिचे आवरणबद्ध तुकडे होतात आणि आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. कर्कपेशी नेमका हाच मृत्यू चुकवतात. काही रक्तकर्करोगांत बीसीएल-२ हे प्रथिन त्याला अडवून धरते. या प्रथिनाला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. हा परिणाम औषधाने नेमक्या ठिकाणी घाव घालून साधला आहे, लंघनाने नव्हे.

ऑटोफॅजीचे कर्करोगाशी नाते याहून गुंतागुंतीचे आहे. बेथ लेव्हिन या संशोधिकेच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की ऑटोफॅजीशी निगडित बेक्लिन-१ हे जनुक स्तनकर्करोगाच्या पेशींत पुन्हा कार्यरत केले की उंदरांत त्यांची गाठ तयार होण्याची क्षमता घटते. त्यावरून ऑटोफॅजी आरंभी राखणदाराचे काम करते असे म्हणता येईल. मात्र गाठ एकदा वाढली की तिच्या आतल्या भागात रक्त अपुरे पोहोचते, आणि तिथल्या कर्कपेशींना जगवण्याचे काम हीच ऑटोफॅजी करू शकते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे विशेष दिसते. म्हणूनच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाने ती रोखण्याच्या चाचण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील अशाच एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले: केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्याने अधिक रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, पण वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण वाढले नाही. संशोधक जी प्रक्रिया थांबवू पाहत आहेत, तीच उपाशी राहून वाढवा असे रुग्णांना सांगणे कितपत जबाबदारीचे आहे?

कर्करुग्णाचे वजन आणि स्नायू आजारानेच झडत असतात. केमोथेरपी सुरू असताना मळमळ आणि तोंड येणे यांमुळे अन्न आधीच कमी जाते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी वर्तमानपत्रातील कात्रण दाखवून सोमवार, शनिवार, एकादशी धरायला लावली, तर अशक्तपणामुळे औषधाची मात्रा कमी करण्याची किंवा पुढचा डोस लांबवण्याची वेळ येऊ शकते. श्रद्धेने उपवास करणाऱ्या रुग्णांनीही आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला आणि आहारतज्ज्ञाला विचारावे.

लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. असा मजकूर छापण्यापूर्वी तेथील एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून घालणे आपणांस कठीण जाऊ नये.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
गंगापूर रोड, नाशिक